उजव्यात शब्द, डाव्यात सूर

श्रीनाथ सरांनी भूकंपातली बहिरी मुलगी पदरात घेतली, ही गोष्ट लातूरच्या ट्यूशन एरियातल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात तोंडपाठ होई. दर जूनला नवी तुकडी बसली की सर पहिल्या तासाला ती सांगत. शिकवायचे भौतिकशास्त्र, पण आवाज कीर्तनकाराचा. कुठं खाली यायचं, कुठं थांबायचं, कुठं गळा भरून आणायचा, हे त्यांना जन्मजात कळे. "पोरांनो, परिस्थितीचं रडगाणं मला सांगू नका. माझ्या घरात एक बाई आहे, जिच्या अंगावर अख्खं घर कोसळलं होतं." मागं उभ्या असलेल्या आयांचे पदर डोळ्यांना लागत आणि बापांचे हात प्रवेशाच्या खिडकीकडं वळत.

ती बाई म्हणजे सौदामिनी. औसा तालुक्यातल्या एका गावात तिचे वडील शाळामास्तर होते. गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटेआधी दगडमातीच्या भिंती माणसांवर आल्या. आई, वडील, धाकटा भाऊ जागीच गेले. नऊ वर्षांची सौदामिनी दुसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीखालून निघाली, ती उजव्या कानातून रक्त वाहत असलेली. उजवा कान त्या दिवशी संपला. डाव्यात थोडं उरलं, तेही जाडं-भरडं : ट्रकची घरघर, ढोलाचा धप्पा, माणसाच्या आवाजातला नुसता घुमारा. मुदखेडचे मामा, दत्तोपंत, रेल्वेत कारकून होते. ते तिला घेऊन गेले. डाव्या कानाला यंत्र बसवून दिलं, शाळेत घातलं. पोर हुशार निघाली. यंत्रातून घुमारा घ्यायचा, ओठांवरून शब्द घ्यायचे आणि दोन्ही जोडून अर्थ लावायचा, असं करत ती बीएस्सी झाली.

श्रीनाथचं स्थळ आलं तेव्हा मामीनं देवापुढं साखर ठेवली. मुलगा देखणा, शिकलेला, दोन खोल्यांत क्लास चालवणारा, आणि वर म्हणतो की मला हीच मुलगी हवी. लग्नानंतर आठच दिवसांत त्यानं तिच्या कानातलं यंत्र हळूच काढलं आणि म्हणाला, "हे कशाला हवं? तू माझ्या ओठांकडं टक लावून बघतेस ना, ते मला आवडतं." सौदामिनी लाजून लाल झाली. यंत्र कपाटात गेलं. नवऱ्याला आवडतं म्हणून बायका कपाळावरची टिकली बदलतात, तिनं कान बदलला.

त्यानंतरची वर्षं सुखाची होती. निदान तिला तसं वाटत होतं. दोन खोल्यांचे दोन मजले झाले, मुलगी झाली, तिचं नाव श्रद्धा ठेवलं. क्लासमधले मास्तर दुपारी चहाला घरी येत. त्यात उदगीरकडचे विरूपाक्ष सर, रसायनशास्त्रवाले, कायमचे. सौदामिनी चहा घेऊन आली की श्रीनाथ म्हणे, "या, बाईसाहेब. तुमचा सल्ला घेतल्याशिवाय आमचं पाऊल पुढं पडत नाही." सगळे हसत. ती भाजी वाढी, तो म्हणे, "वा! साक्षात अन्नपूर्णा!" सगळे हसत. ती काही बोलली, तर तो म्हणे, "किती गोड बोलतेस गं तू! ऐकत राहावंसं वाटतं." मग तर विरूपाक्ष सर रुमालात तोंड घालून हसत. तीही हसे. तिला वाटे, भरल्या घरात बायकोचं एवढं कौतुक करणारा नवरा किती जणींना मिळतो? घरात तिला टाकून बोलत ती एकटी सासूबाई. "बहिरटे, दूध उतू चाललं" हे वाचायला तिला सासूचे ओठ पुरेसे होते, भुवयांची गरज पडत नसे.

श्रद्धा दुसरीत असताना श्रीनाथनं पुण्याला नेऊन तिच्या उजव्या कानात इम्प्लांट बसवून आणलं. दवाखान्यात तो तीन रात्री खुर्चीवर झोपला, हे खोटं नाही. परत आल्यावर क्लासच्या दारावर मोठा फलक लागला, त्यावर कानामागं यंत्र लावलेली सौदामिनी आणि तिच्या खांद्यावर हात ठेवलेले सर. त्या वर्षी तुकड्या वाढवाव्या लागल्या.

पण वीस वर्षं मेलेला कान एका ऑपरेशननं जागा होत नाही. पहिले काही महिने तिला माणसं पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी ऐकू येत. मग खड्यांचे हळूहळू शब्द झाले. तोंड न बघताही तिला 'मीठ' आणि 'पीठ' वेगळे कळू लागले. तरी सगळे आवाज एकाच मापाचे. सासू, नवरा, टीव्हीवरची बातमीवाली, सगळ्यांची वाक्यं एकाच रंध्यानं तासल्यासारखी सपाट. आणि चार माणसं एकदम बोलली की पुन्हा खडेच.

पुण्याला सारखं जाणं जमेना, म्हणून मामांनी नांदेडला देविका नावाच्या श्रवणतज्ज्ञ बाईचा पत्ता काढला. सौदामिनी अहमदपूर-लोह्याच्या बसनं गेली. देविकानं तपासणी केली, मग एक कागद तोंडासमोर धरून म्हणाली, "मी एकच वाक्य म्हणते. कसं म्हटलं ते सांगा. गाडी आली."

"गाडी आली," सौदामिनी म्हणाली.

"शब्द बरोबर. पण मी विचारलं, का सांगितलं?"

सौदामिनीला सांगता येईना. देविकानं ते पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं म्हटलं, मग तिसऱ्या. तिन्ही वेळा तेच.

"डाव्या कानाला काही लावता का?"

"लग्नाआधी लावत होते. मग सोडलं."

"सोडलं? का?"

देविकानं ड्रॉवरमधून यंत्र काढून तिच्या डाव्या कानात बसवलं. "उजव्यातलं इम्प्लांट तुम्हाला शब्द देतं. आवाजाचा चढ-उतार त्यातून फारसा येत नाही. तो खालच्या सुरात असतो, आणि तुमच्या डाव्या कानात नेमका तेवढाच शिल्लक आहे. तोच तुम्ही वापरायचा सोडलात. दोन्ही एकदम वापरा. आधी गोंधळ होईल, दोन रेडिओ लागल्यासारखं वाटेल. कंटाळून काढू नका."

गोंधळ झालाच. मुदखेडला मामांकडं राहून ती रोज सराव करायची, आणि डोकं फुटायची वेळ यायची. मग एका सकाळी, स्टेशनकडून भोंगा आला, अंगणात मामा कुणाशी तरी बोलले, आणि ते दोन रेडिओ अचानक एक झाले. शब्दाच्या अंगावर आवाज चढला. मामांचा आवाज म्हातारा झाला होता. तिला रडू आलं. पुढच्या खेपेला देविकानं तोंड झाकून म्हटलं, "गाडी आली?" सौदामिनी म्हणाली, "विचारलंत." "गाडी आली!" "आनंद झाला." मग देविकाला गंमत सुचली. शेवटचा स्वर लांबवत, गोड करत ती म्हणाली, "आलीऽ बाई गाडी."

"टोमणा मारलात," सौदामिनी म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. लहानपणी आई शेजारणीशी असंच बोलायची, ते तिला लख्ख आठवलं.

हसतच ती लातूरला परतली. श्रीनाथला यंत्राचं आधी सांगायचं नाही, अचानक चकित करायचं, म्हणून तिनं केस दोन्ही कानांवर घेतले होते. घरात शिरली तर श्रद्धा पाटीवर चित्र काढत बसलेली. "शद्धे, बघ मी काय आणलंय तुला!" सौदामिनी आपल्या बोबड्या उच्चारात म्हणाली.

श्रद्धानं मान वर केली. गोड हसली. म्हणाली, "किती गोड बोलतेस गं तू, आई!"

सौदामिनीच्या हातातला खाऊ तसाच राहिला. शब्द तेच, वर्षानुवर्षांचे. पण त्यांच्या अंगावर जो सूर होता तो 'आलीऽ बाई गाडी'चा होता. शेवटचा स्वर लांबवलेला, साखरेत घोळलेला, खाली पाय ओढणारा. आठ वर्षांच्या पोरीला तो कुणी शिकवला नव्हता. घरातल्या भाषेसारखा तिनं तो उचलला होता. तिच्या चेहऱ्यावर द्वेष नव्हता, काही नव्हतं. आईशी असंच बोलतात, एवढंच तिला ठाऊक होतं.

दुपारी मास्तर चहाला आले. सौदामिनीनं कप ठेवले. "या, बाईसाहेब. नांदेड जिंकून आलात," श्रीनाथ म्हणाला. "आता तुमचा सल्ला घेतल्याशिवाय आमचं पाऊल पडायचं नाही." विरूपाक्ष सरांचं हसू तिला पहिल्यांदा ऐकू आलं. नाकातून निघालेलं, फुसकं. तिनं काही तरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "साखर कमी झाली का?" आणि कोपऱ्यातल्या नव्या मास्तरानं तेच वाक्य हळू आवाजात, तिच्याच सपाट, बोबड्या उच्चारात पुन्हा म्हणून दाखवलं. श्रीनाथ हसत हसत म्हणाला, "अरे, असं करू नये. देवी आहे ती आमची."

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या, "थिजलीस का काय? पोळ्या कोण तुझा बाप करणार?" शब्द कडू, सूरही कडू. सासूचं एक बरं होतं, आत-बाहेर एकच.

त्या आठवड्यात तिनं केस कानांवरच ठेवले, डाव्या यंत्राचं कुणाला सांगितलं नाही. नुसती ऐकत राहिली. एकेक जुनं वाक्य ती आठवे आणि त्याला आता सूर लावून बघे. लग्नानंतरचं 'ते मला आवडतं' तिनं कितीदा तरी लावून बघितलं. तो सूर मात्र तिला कधीच ठरवता आला नाही, कारण त्या क्षणी यंत्र त्याच्या मुठीत होतं.

शेवटी बॅग भरून ती मुदखेडला गेली. दोन दिवस तरी मायेचा आवाज कानावर पडू दे, एवढीच इच्छा. मामी दारातच म्हणाली, "आलीस? ये बाई, ये. घर तुझंच हाय." शब्द तेच, ज्यांच्या आधारावर पोर वाढली. पण सूर थकलेला, कंटाळलेला. दळण संपत आलेलं असताना कुणी आणखी पायली आणून ठेवावी, तसा. "कामून आलीस गं मधीच? भांडून बिंडून?" मामी दुष्ट नव्हती. तिनं वीस वर्षं केलं होतं आणि आता तिच्याच्यानं होत नव्हतं, एवढंच. सौदामिनी म्हणाली, "नाही, सहज." दुसऱ्याच गाडीनं परत फिरली.

परत आली ती वेगळी बाई. दुपारी घर रिकामं असताना ती गच्चीवर जाई, वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये उभी राही आणि बोले. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. आधी तिचा आवाज तिच्या हातात येईना. चढवायला जाई तर फाटे, लांबवायला जाई तर थरथरे. पण आता स्वतःचा आवाज तिला डाव्या कानात ऐकू येत होता, चूक कुठं झाली ते कळत होतं. या सुराचा मास्तर तर तिच्या घरातच होता. रोज चहाच्या वेळी धडा मिळायचा, दुसऱ्या दुपारी ती तो गिरवायची.

निकाल लागले. क्लासची पोरं मेडिकलला झेपावली. सभागृहात मोठा सत्कार ठेवला. श्रीनाथ आदल्या दिवशी म्हणाला, "तू फक्त दोन वाक्यं बोलायची. 'सर भेटले नसते तर माझं काय झालं असतं? मी जन्मभर त्यांच्या उपकारात आहे.' जमेल ना? की फार कठीण आहे आमच्या विदुषींना?"

"जमेल," ती म्हणाली.

सभागृह खच्चून भरलेलं. देवणी, जळकोटपासून पालक आलेले. सरांनी भूकंपाची गोष्ट सांगितली, दगड सांगितले, चौकट सांगितली, कानातून वाहणारं रक्त सांगितलं. आपल्या आईचं मरण इतक्या सुरेल आवाजात सौदामिनीनं पहिल्यांदाच ऐकलं. मग सरांनी भरल्या गळ्यानं तिला पुढं बोलावलं.

ती श्रद्धाला घेऊन माइकपुढं उभी राहिली. नवऱ्याकडं वळून गोड हसली. "सर भेटले नसतेऽ," ती म्हणाली, आणि तिनं स्वर लांबवला, उचलला, साखरेत बुडवला, "तर माझं काय झालं असतंऽ?" जरा थांबली. कुठं थांबायचं ते तिला माहीत होतं. "मी तर बाई जन्मभर त्यांच्या उपकारातऽ आहे!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. शब्द तर बरोबर होते. मग पहिल्या रांगेतल्या विरूपाक्ष सरांच्या नाकातून ते फुसकं हसू निसटलं. सूर ओळखीचा होता, रोजचाच होता, फक्त तो आज उलट्या दिशेनं आला होता. त्यांच्यामागं मास्तरांची रांग, मग मागच्या बाकांवरची पोरं, आणि मग सगळं सभागृह. धोतरवाला एक पालक शेजाऱ्याला म्हणाला, "बाई लई बेरकी हाय!" श्रीनाथ हसत उभा होता. हसणं थांबवावं तर लोकांना कळणार, चालू ठेवावं तर स्वतःलाच हसल्यासारखं. त्याचा चेहरा त्या दोन्हींच्या मध्ये अडकला. आईच्या साडीचा पदर धरून उभी असलेली श्रद्धा टाळ्या पिटत म्हणाली, "आईनं पप्पांसारखं केलं!" आणि माइक तिच्या जवळच होता.

घराच्या दारापाशी गाडी थांबवून श्रीनाथ म्हणाला, "उद्या मुदखेडला जायचं. श्रद्धा इथं राहील, तिची शाळा आहे." साखर नाही, चढ-उतार नाही. ओठांवरून वाचलं असतं तरी एवढंच आलं असतं.

"तिला मी नेणार," सौदामिनी म्हणाली.

"तिलाच विचार."

श्रद्धा उतरून दारात उभ्या असलेल्या आजीच्या मागं लपली होती. शाळेत पोरं काय काय विचारतील, गाडीत पप्पा किती रडवेले झाले होते, हे सगळं तिच्या डोळ्यांत होतं. ती म्हणाली, "मी नाही येत. तू पप्पांना रडवलंस." तिच्या आवाजात या खेपेला टोमणा नव्हता. ते ऐकायला सौदामिनीला दोन्ही कान लागले नसते.

पुढं लातूरच्या बातम्या मुदखेडला येत राहिल्या. क्लासमध्ये सर फळ्याकडं वळले की मागून कुणीतरी 'उपकारातऽ' म्हणून ओरडे आणि शंभर पोरं खिदळत. सरांनी दोघांना काढून टाकलं, तर चौघं झाले. भूकंपाची गोष्ट त्यांनी सांगायची बंद केली. दारावरचा फलक उतरवला. सौदामिनीला हे ऐकून गोड वाटलं, आणि त्या गोडीची तिला लाज वाटली नाही. ती नांदेडला एका शाळेत गणित शिकवू लागली. रोज पॅसेंजरनं जायची-यायची. मामी रोज दार उघडून म्हणायची, "आलीस? ये बाई," आणि सौदामिनी चपला काढता काढता तो सूर झेलायची.

रविवारी श्रद्धाचा फोन येई. वकिलांनी तेवढं ठरवून दिलं होतं. सौदामिनी फोन उजव्या कानाला धरी, कारण डाव्यातून एकट्यानं शब्द कळत नसत. पोर ठरलेलं बोले. जेवले, शाळेत गेले, नंबर आला. असे बरेच रविवार गेले.

एका रविवारी श्रद्धा म्हणाली, "मी मजेत आहे, आई. तू काळजी करू नकोस हं."

सौदामिनीला राहवलं नाही. तिनं फोन डाव्या कानाला नेला. "तू पण मजेत ना?" असं काहीसं पोरगी विचारत असावी. शब्द विरघळले, नुसता सूर उरला. तोच होता. शेवटाला उचललेला, गोड, पाय ओढणारा. मागं कुणीतरी खाकरलं, पुरुषी आवाजात.

सौदामिनीनं डोळे मिटले. जेवढी माया पोटात होती तेवढी सगळी गोळा केली. सूर काही का असेना, आपण आपल्या लेकराशी नीट बोलायचं, असं ठरवून म्हणाली, "शहाणी गं माझी बाय ती!"

आणि आपलाच आवाज तिच्या डाव्या कानात शिरला. लांबवलेला, साखरेत बुडवलेला, गच्चीवर चादरींमध्ये घोटून घोटून तयार केलेला. तिला दुसरा येतच नव्हता.



"श्रद्धा, अगं, मी खरंच म्हणत होते," ती घाईनं म्हणाली, आणि तेही तसंच निघालं.

फोन ठेवला गेला. आतून मामीनं विचारलं, "काय म्हणली लेक?"

"मजेत आहे म्हणाली," सौदामिनीनं सांगितलं.